माळ्यावरच्या सीड्या, आयएसओ फाइली आणि आजीच्या ओव्या: जुनं सॉफ्टवेअर पुन्हा कसं बसवायचं?

जात्यावरची_ओवी · शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण मागची हकिगत सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सांगलीत आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका अशी कामं चालायची. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं. दोन कॉम्प्युटर, कागदाची रिमं, मशीनची मोटर, काही राहिलं नाही. माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बाबांनी सीड्या ठेवल्या होत्या, तेवढ्या वाचल्या. एकूण एकोणीस. एक पेजमेकर ६.५ ची (छपाईची पानं लावायचं सॉफ्टवेअर), एक मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची, एक विंडोज एक्सपीची, तिन्ही रीतसर विकत घेतलेल्या. उरलेल्या सोळा बाबांनी राइट केलेल्या. त्यांवर मार्करने २००१ ते २००६ अशी वर्षं लिहिली आहेत.

त्यातल्या २००३ च्या एका सीडीवर माझ्या आजीच्या ओव्या आहेत. बाबांनी तिला समोर बसवून एकेक ओवी उतरवून घेतली आणि ६४ पानांचं पुस्तक लावलं. शंभर प्रती छापल्या, नातेवाइकांत वाटल्या. आमच्या घरातल्या प्रती पुरात गेल्या. आजी २००८ मध्ये गेली. येत्या दिवाळीत बाबांना ७५ पूर्ण होतायत, त्या दिवशी ते पुस्तक पुन्हा छापून त्यांच्या हातात द्यायचं आहे. त्यांना अजून यातलं काही माहीत नाही.

भाच्याने कॉलेजातल्या ड्राइव्हवर सगळ्या सीड्यांच्या आयएसओ फाइली करून पेन ड्राइव्हवर दिल्या. आता अडलंय ते असं. डबल क्लिक केलं की विनरार उघडतं. त्यातून फाइली बाहेर काढून पेजमेकरचं सेटअप चालवलं, तर ते सीडी ड्राइव्हमध्ये घाला म्हणतं. दोन सीड्यांच्या आयएसओऐवजी बिन आणि क्यू अशा जोडफाइली झाल्यात. आणि नेमकी ओव्यांची सीडी अर्ध्यावर अडकली, तिची फाइल अपुरी आहे.

लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, रॅम ८ जीबी. कुठून सुरुवात करू?

पुणेरी_पेंग्विन · शनिवार, रात्री १०.२५

ताई, धागा काढलात हे फार बरं झालं. अशा डब्यांची वेळ निघून जाते आणि मग काहीच करता येत नाही.

आधी विनराराचं. आयएसओ ही झिपसारखी गाठोडं बांधलेली फाइल नव्हे. सीडीवर जे जसं होतं ते सेक्टरमागून सेक्टर तसंच उतरवून घेतलेली ती प्रतिकृती आहे. विनरार किंवा सेव्हन-झिप तिच्यातल्या फाइली बाहेर काढू शकतात, पण त्यात सीडीचं सीडीपण हरवतं. सीडीला एक नाव असतं, व्हॉल्यूम लेबल. जुनी सेटअपं ते लेबल तपासायची, शिवाय आपण खरंच सीडी ड्राइव्हवरून चालतोय का हेही बघायची. तुम्ही फाइली डेस्कटॉपवरच्या फोल्डरात काढल्यात, तिथे ना ड्राइव्ह ना लेबल, म्हणून ते सीडी मागतंय.

त्याऐवजी फाइल माउंट करायची. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय विंडोजमध्येच आहे. फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, त्यात विंडोज एक्सप्लोरर निवडा. धिस पीसीमध्ये एक नवा डीव्हीडी ड्राइव्ह उगवेल, ई किंवा एफ अक्षराचा. तो उघडला की सीडी आत घातल्यासारख्या फाइली दिसतील. काम झालं की त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट. आधी फाइली पेन ड्राइव्हवरून सी ड्राइव्हवर आणून ठेवा, कारण एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) नसलेल्या जागेवरून माउंट करताना विंडोज कधी कधी अडून बसतं.

विंडोज ७ वापरणारे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: तिथे आयएसओ डिस्कवर राइट करायची सोय आहे, माउंट करायची नाही. त्याला विनसीडीएमूसारखा आभासी ड्राइव्ह लागतो. ते मुक्त स्रोताचं आहे आणि फुकट आहे. तुमच्या बिन-क्यू जोड्याही त्यानेच उघडतील. क्यू ही जेमतेम काही ओळींची मजकूर फाइल असते, कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगणारी. माउंट करताना तीच निवडायची, मात्र बिन तिच्या शेजारी त्याच नावाने असायला हवी. भाच्याला सांगा, कुठल्याही फाइलीचं नाव बदलू नको.

नवखा_७७ · शनिवार, रात्री १०.५०

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक प्रश्न: बिन आणि आयएसओ दोन्ही एकाच सीडीच्या प्रती असतील तर बिन मोठी का असते?

पुणेरी_पेंग्विन · शनिवार, रात्री ११.१५

चांगला प्रश्न. सीडीवरचा प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटांचा असतो. डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइट आपल्या कामाचे, उरलेले पत्ता, ताळमेळ आणि चुका दुरुस्त करायच्या संकेतांसाठी. आयएसओत फक्त २०४८ घेतात, बिनमध्ये बहुतेकदा सगळेच्या सगळे २३५२. गाण्यांच्या सीडीत ते पूर्ण २३५२ आवाजालाच वापरले जातात, म्हणून गाणी आणि डेटा एकत्र असलेली सीडी आयएसओत मावत नाही, तिला बिन-क्यूच लागतं.

८० मिनिटांची सीडी घ्या. सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे ८० × ६० × ७५ = ३,६०,००० सेक्टर. त्याला २०४८ ने गुणा, ७३,७२,८०,००० बाइट होतात. आपण ज्याला ७०० एमबीची सीडी म्हणतो ती हीच.

याचा एक उपयोग आहे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बाइटांत आकार दिसतो. त्याला २०४८ ने निःशेष भाग गेला तर साधी आयएसओ, २३५२ ने गेला तर कच्ची बिन, आणि कशानेच गेला नाही तर फाइल बहुधा अर्धवट आहे. ताई, सगळ्या फाइलींवर हे करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

शाईवाला_सोलापूर · रविवार, सकाळी ७.०५

ताई, तुमचा प्रश्न वाचून पहाटे झोप उडाली. मी १९९६ ते २०१० सोलापुरात डीटीपी ऑपरेटर होतो. पेजमेकरवर पान लावायचं, लेझरला ट्रेसिंग काढायची, मग प्लेटवाल्याकडे पळायचं, हाच दिनक्रम. तुमच्या बाबांच्या डब्यात काय काय असेल ते माझ्या डोळ्यांसमोर आहे.

एक गोष्ट आधी ठरवा. तुम्हाला सॉफ्टवेअर हवंय की पुस्तक? पुस्तक हवं असेल तर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बसलंच पाहिजे असं नाही. ते बसवायला लॉक लागायचं, म्हणजे चोरीची प्रत चालू नये म्हणून दिलेलं छोटं उपकरण, प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला मागून लावायचं. ते पुरात गेलं असणार. पण लॉकचं काम टायपिंगपुरतं. लावलेलं पान नुसतं उघडायला पेजमेकर आणि फॉन्ट एवढंच पुरतं. आमच्याकडे जॉब दुसऱ्या छापखान्यात पाठवायचा झाला की पानाच्या फाइलीबरोबर फॉन्टही सीडीवर टाकायची पद्धत होती, नाहीतर तिकडे सगळं गचाळ उमटायचं. बाबा जुन्या वळणाचे असतील तर त्याच सीडीवर फॉन्ट नावाचं फोल्डर सापडेल. त्यात टीटीएफ फाइली शोधा.

दुसरं असं की आम्ही सीडी एकदाच राइट करून थांबत नसू. सीडी महाग वाटायची, म्हणून मल्टिसेशन ठेवायचो. आज थोड्या फाइली, पुढच्या महिन्यात आणखी थोड्या. दरवेळी नवं सेशन, आणि शेवटच्या सेशनला आधीच्या सगळ्याचा पत्ता माहीत. भाच्याच्या प्रोग्रामने पहिल्याच सेशनची प्रत घेतली असेल तर पुढच्या फाइली दिसणारच नाहीत. आयएसओबस्टर नावाच्या प्रोग्राममध्ये सीडी उघडली की सगळी सेशनं वेगवेगळी दिसतात. सीडी रिकामी वाटली म्हणून टाकून देऊ नका.

वारणेचा_वाघ · रविवार, सकाळी ९.३०

एवढा खटाटोप कशाला? पेजमेकरच्या तयार आयएसओ नेटवर पडल्या आहेत, क्रॅकसकट (परवान्याची अट तोडणाऱ्या प्रोग्रामसकट). उतरवा आणि बसवा. आमच्या गावातल्या दुकानदाराने मला तसंच करून दिलंय.

दक्ष_नाशिक · रविवार, सकाळी १०.१०

वाघसाहेब, कळकळीने सांगतो, हा सल्ला देऊ नका. मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात आहे. २०२२ मध्ये आमच्याकडे कुरिअरच्या बिलाचा म्हणून ईमेल आला, जोडलेली फाइल आयएसओ. सहकाऱ्याने उघडली, आत बिलासारखा दिसणारा शॉर्टकट होता, त्यावर क्लिक झालं. तीन दिवस विभाग बंद होता आणि पगार उशिरा झाले.

आयएसओच का, हे नंतर कळलं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज एक खूण ठेवतं आणि ती उघडताना सावध करतं. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने नेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो (फाइलीत दडलेल्या, चालवता येणाऱ्या आज्ञा) आपोआप अडवायला सुरुवात केली, तेव्हा भामट्यांनी आयएसओ धरली. कारण आयएसओवरची खूण तिच्या आतल्या फाइलींपर्यंत पोचत नव्हती. नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटने ती फट बुजवली. ज्यांनी अपडेट बंद ठेवलेत त्यांच्यासाठी ती अजून उघडीच आहे. क्रॅकवाल्या आयएसओत तर अँटिव्हायरस बंद करा असं तुम्हालाच सांगतात. म्हणजे दाराची कडी आपणच काढून द्यायची.

ताईंच्या हातात स्वतःची, विकत घेतलेली सीडी आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एए) प्रमाणे प्रोग्रामची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती हरवू वा खराब होऊ नये म्हणून राखीव प्रत करता येते. त्यांनी केलेली आयएसओ तीच आहे. सरळ रस्ता असताना आडवाटेने जायचंच कशाला?

वारणेचा_वाघ · रविवार, सकाळी ११.००

हे माहीत नव्हतं. दुकानदाराने बसवलेलं आजच काढतो. धन्यवाद.

जात्यावरची_ओवी · रविवार, दुपारी ३.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. पेंग्विनदादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं आणि पेजमेकरची सीडी एफ ड्राइव्ह म्हणून उगवली! सेटअप मात्र चाललं नाही, हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही असा निळा चौकोन येतो. एक्सपीच्या सीडीचीही आयएसओ आहे, तिचा उपयोग होईल का?

आकारांचा हिशेब केला. सोळा फाइलींना २०४८ ने भाग गेला, दोन बिनना २३५२ ने गेला, ओव्यांच्या फाइलीला कशानेच नाही.

शाईवालाकाका, इतर सीड्या बघितल्या. २००४ च्या एका सीडीवर "फॉन्ट" असं फोल्डर आहे, त्यात ३१ टीटीएफ फाइली. ओव्यांच्या सीडीवरही तसंच असेल का, ते ती वाचता आली तरच कळेल.

पुणेरी_पेंग्विन · रविवार, दुपारी ४.४५

निळ्या चौकोनाचं कारण असं. त्या काळातल्या बऱ्याच सेटअपमध्ये सुरुवातीचा भाग १६-बिट असायचा, प्रोग्राम स्वतः ३२-बिट असला तरी. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्राम चालवायची सोय नाही, आणि विंडोज ११ तर ६४-बिटच येतं. कंपॅटिबिलिटीच्या खुणा कितीही बदलल्या तरी उपयोग नाही, त्यात वेळ घालवू नका.

इथे तुमची एक्सपीची आयएसओ सोन्यासारखी आहे. व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम, फुकट मिळतं, ते उतरवा. त्यात नवं मशीन करा: विंडोज एक्सपी ३२-बिट, १ जीबी रॅम, २० जीबी डिस्क. तुमचा लॅपटॉप एवढं सहज झेलेल. मग त्या मशीनच्या आभासी सीडी ड्राइव्हमध्ये एक्सपीची आयएसओ निवडा आणि चालू करा. सीडीवरून बूट होऊन एक्सपी बसायला लागेल. प्रॉडक्ट की सीडीच्या पाकिटावर असेल.

नुसत्या फाइली कॉपी करून हे झालं नसतं हे मुद्दाम सांगतो. सीडीवरून बूट व्हायचा भाग १९९५ च्या एल टोरिटो नावाच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे सीडीवर बसवलेला असतो आणि तो फाइलींच्या यादीत दिसत नाही. आयएसओत तो जसाच्या तसा येतो.

एक्सपी बसलं की वरच्या डिव्हायसेस मेनूत, ऑप्टिकल ड्राइव्हमध्ये, पेजमेकरची आयएसओ निवडा. आतल्या एक्सपीला वाटतं की कोणीतरी सीडी बदलली. दोन-तीन सीड्यांची सॉफ्टवेअरं बसवताना "दुसरी सीडी घाला" म्हटलं की इथूनच बदलायची. ड्राइव्हचं अक्षर तेच राहतं, त्यामुळे सेटअप गोंधळत नाही. विंडोज ११ मध्ये माउंट केली असती तर दुसरी आयएसओ वेगळ्या अक्षरावर गेली असती.

एक गोष्ट विसरू नका. मशीनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क बंद ठेवा. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, त्याला इंटरनेट दाखवायचं नाही. फाइली आत-बाहेर करायला शेअर्ड फोल्डर पुरतं. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्सचं गेस्ट ॲडिशन्स नावाचं जोडसॉफ्टवेअर आत बसवावं लागतं, आणि तेही एक आयएसओच आहे, मेनूतूनच आत घालता येतं.

नवखा_७७ · रविवार, सायंकाळी ५.३०

अवांतर: मी उबुंटूची आयएसओ पेन ड्राइव्हवर कॉपी केली, पण लॅपटॉप तिच्यावरून बूट होत नाही.

पुणेरी_पेंग्विन · रविवार, सायंकाळी ५.४०

नुसती कॉपी करून होत नाही, रुफस नावाच्या प्रोग्रामने लिहावी लागते. लिहिताना पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, आधी रिकामा करून घ्या. एकाच पेन ड्राइव्हवर चार-पाच आयएसओ ठेवायच्या असतील तर व्हेंटॉय बघा. आणि लिहिण्याआधी चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) ताडा: कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, पुढे हॅशफाइल हा पर्याय, मग फाइलचं नाव, शेवटी एसएचए२५६. येणारी ६४ अक्षरं उबुंटूच्या संकेतस्थळावरच्या अक्षरांशी तंतोतंत जुळली पाहिजेत. एक जरी वेगळं असलं तरी फाइल पुन्हा उतरवायची. बाकी वेगळ्या धाग्यात बोलू, इथे ओव्यांचं काम होऊ दे.

मांडवीकाठ · रविवार, रात्री ८.१५

मी पणजीत असतो. एका ग्रंथालयासाठी जुन्या सीड्यांवरचा मजकूर उतरवून घ्यायचं काम गेली काही वर्षं करतोय. गोव्याच्या दमट हवेत सीड्यांचे जे हाल होतात ते रोज बघतो, त्यामुळे ओव्यांच्या सीडीबद्दल थोडं बोलतो.

ताई, ती सीडी आता कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालून पुनःपुन्हा प्रयत्न करू नका. आधी उजेडासमोर धरा. पारदर्शक बाजूला ओरखडे असतील तर फार घाबरायचं कारण नाही. त्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचं प्लास्टिक असतं, लेझरचा किरण ते ओलांडून आत बघतो, धूळ आणि बारीक रेघा तो पचवतो. धोका असतो नाव लिहायच्या बाजूला. तिथे चकाकणाऱ्या थरावर लाखेचा पातळ लेप असतो, बाकी काही नाही. बॉलपेनने दाबून लिहिलं, चिकटवलेलं लेबल ओढून काढलं, तर माहिती कायमची जाते. बाबांनी मार्करने लिहिलंय हे फार चांगलं केलं.

पुसायची असेल तर मऊ सुती कापड स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल फिरवायचं नाही. माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते, त्याच दिशेने पडलेला ओरखडा एकाच जागचे सलग सेक्टर खातो. आडव्या रेघेने प्रत्येक वळणावरचा थोडा थोडा भाग जातो, तो ड्राइव्हला दुरुस्त करता येतो.

मग डीडीरेस्क्यू. लिनक्सवर चालतं, पेंग्विनदादा ते पेन ड्राइव्हवरून सुरू करून देतील. साधा कॉपी प्रोग्राम खराब सेक्टरवर अडकून बसतो, तेच भाच्याच्या प्रोग्रामचं झालंय. डीडीरेस्क्यू पहिल्या फेरीत सोपं तेवढं भरभर उचलतं आणि अवघड जागा सोडून पुढे जातं. कुठे काय राहिलं त्याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं. दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागांवर पुन्हा प्रयत्न. सेक्टरचा आकार २०४८ द्यायला विसरू नका. यातली खरी किमया सांगतो. पहिल्या ड्राइव्हने जे सोडलं ते दुसऱ्या ड्राइव्हला कित्येकदा वाचता येतं. तीच इमेज (सीडीची उतरवलेली प्रत), तीच मॅप फाइल ठेवायची आणि सीडी वेगळ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालायची. भोकं तेवढी भरली जातात. मी एकदा तीन ड्राइव्ह फिरवून एक सीडी पूर्ण केली होती, शेवटचा होता एका जुन्या डेस्कटॉपचा.

शाईवाला_सोलापूर · रविवार, रात्री ९.००

मांडवीकाठ, ड्राइव्ह बदलण्याचं आम्हीही करायचो, पण मॅप फाइलची युक्ती आज कळली.

ताई, पान उघडलं की आणखी एक काम करा. पेजमेकरमधून प्रिंट देताना प्रिंटर पोस्टस्क्रिप्टचा (पानाचं वर्णन करणारी छपाईची भाषा) निवडा आणि फाइलमध्ये लिहा. आम्ही प्लेटवाल्याला अशीच पीएस फाइल द्यायचो, त्यात फॉन्टही आत बसतात. ती बाहेर आणून घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रामने पीडीएफ करा. छपाईला तेवढं पुरतं, सोळा सोळा पानांचे चार फॉर्मे, बाबांनी लावले तसेच.

मजकूर मात्र युनिकोडमध्येही (अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत) करून ठेवा. जुन्या फॉन्टांत "क" च्या जागी कुठलं तरी इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं, फॉन्ट नसला की कोणालाच वाचता येत नाही. कन्व्हर्टरने रूपांतर केलं तर तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघा. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवतात. रफार उलटसुलट होतो. आणि आपल्या मराठीचा ऱ. हिंदीसाठी केलेल्या कन्व्हर्टरला तो माहीतच नसतो, "दऱ्या" चा "दर्या" होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला तर ओवीत काय उरलं? बायकांच्या ओव्यांत "वाऱ्या", "साऱ्या", "बिचाऱ्या" पावलोपावली येतात.

जात्यावरची_ओवी · पुढचा शनिवार, रात्री ११.३०

मंडळी, आज हात थरथरतायत, तरी लिहिते.

एक्सपी बसलं. पेजमेकर बसलं, यावेळी सीडी मागितली तेव्हा सीडी होती. पेंग्विनदादांनी व्हिडिओ कॉलवर डीडीरेस्क्यू सुरू करून दिलं. आमच्या यूएसबी ड्राइव्हवर पहिल्या फेरीत ४,१०० सेक्टर राहिले. भाच्याच्या मित्राचा जुना डेस्कटॉप आणला, मॅप फाइल तीच ठेवली, आणि आकडा उतरत गेला. ९००, मग १४०, मग रात्रभर चालून ११ वर थांबला. २०४८ ने गुणलं, साडेबावीस हजार बाइट. त्या अकराचं काही करता आलं नाही.

शाईवालाकाका, तुमचा अंदाज खरा ठरला. दोन सेशनं होती आणि दुसऱ्यात "फॉन्ट" फोल्डर होतं. आधी फॉन्ट न टाकता पान उघडलं तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं, चिन्हं, कंसांची गर्दी. मग एक्सपीच्या फॉन्ट फोल्डरात चार टीटीएफ टाकल्या, पेजमेकर बंद करून पुन्हा उघडलं. पाचव्या पानावर हे होतं:

दळण सरलं बाई, पीठ भरलं सुपात
लेकीचं माझ्या हसू, चांदणं गं सोप्यात

ही लेक म्हणजे माझी आत्या. खाली बाबांनी बारीक अक्षरात लिहिलंय, "आईने ही ओवी दोनदा म्हणून दाखवली, दुसऱ्यांदा थांबली." हे छापलेल्या पुस्तकात होतं की नाही, मला आठवत नाही. मी खूप वेळ त्या ओळीकडेच बघत बसले.

अकरा खराब सेक्टर मुखपृष्ठाच्या फोटोत निघाले. जात्याच्या फोटोत मधोमध एक करडा पट्टा आला आहे. ६४ पानं शाबूत आहेत. जातं अजून घरी आहे, मागच्या दारात. उद्या सकाळच्या उन्हात त्याचा नवा फोटो काढते.

सगळ्या एकोणीस आयएसओ आणि बिनचे एसएचए२५६ एका वहीत लिहून घेतले. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक भाच्याकडे कोल्हापुरात. पूर आला तरी तिन्ही एकदम जाणार नाहीत.

मांडवीकाठ · पुढचा शनिवार, रात्री ११.५०

डोळे भरून आले. मूळ सीडी टाकून देऊ नका बरं. ते अकरा सेक्टर पुढे एखाद्या वेगळ्या ड्राइव्हला वाचता येतीलही. मॅप फाइल इमेजच्या शेजारीच राहू द्या. सीडी उभी ठेवा, कोरड्या जागी, उन्हापासून लांब.

शाईवाला_सोलापूर · रविवार, सकाळी ६.४०

ताई, युनिकोडचा मजकूर आणि पीडीएफ दोन्ही पाठवा. प्रूफ मी वाचतो. प्रत्येक ऱ स्वतः तपासतो. आणि बाबांची ती बारीक अक्षरातली ओळ पुस्तकात राहू द्या, पाचव्या पानावर, आहे तिथेच.